गणपतीच्या मागचा पिवळा दिवा

दीपमालाला राग यायला वेळ लागतो, हे भंडाऱ्याजवळच्या शहापुरात तिला ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण सासरी तिचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. म्हणूनच यंदाच्या पौषात तिला जो राग आला, तो कसा आणि कुणाकुणावर आला, ते नीट सांगायला हवं.

तिची सासू रत्नाबाई. तीन वर्षांपासून दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला भंडाऱ्याला नेऊन चार तास मशीनवर रक्त धुऊन आणावं लागतं. दीपमालाचा नवरा राजकुमार तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणार. धाकटा दीर चंद्रकुमार घरची शेती पाहतो. आधी आईला तोच नेत असे. पण दोन वेळा तो धानाच्या काट्यावर, वजनाच्या रांगेत अडकला. दवाखान्यात पोचेपर्यंत मशीन दुसऱ्या कुणाला लागलेली, आणि रत्नाबाई सुजलेले पाय घेऊन, धापा टाकत तशीच परत. दुसऱ्यांदा असं झालं त्याच आठवड्यात दीपमालाने नवऱ्याला म्हटलं, मला गाडी शिकवा.

घरची जुनी पांढरी पेट्रोल गाडी. तळ्याच्या पाळीजवळच्या मोकळ्या जागेत छत्तिसाव्या वर्षी ती शिकली. बायका बांधावर उभ्या राहून बघायच्या, हसायच्या. लायसन्स निघालं, आणि त्यानंतर रत्नाबाईची मशीनची एकही खेप चुकली नाही. ऊन असो, पोळा असो, घरात पाहुणे असोत. सकाळी देवपूजा झाली की त्याच हाताने गाडीला हळदकुंकू, आणि निघायचं.

गेल्या भादव्यात मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागलेला तिला दिसला. इंजिनाच्या आकाराचा. चालू केल्यावर बाकीचे दिवे विझायचे, हा मात्र जळत राहायचा. तिने लगेच हायवेवरच्या भय्याजीच्या गॅरेजात गाडी नेली. भय्याजीने पाहतो म्हटलं, पण दोनदा नेऊनही दिवा पुन्हा लागला. दसऱ्याला पुन्हा नेली तेव्हा त्याने गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून परत दिली. मीटरच्या काचेवर खालच्या बाजूला गणपतीचं एक चित्र चिकटवलं होतं, अंगठ्याएवढं, सोनेरी काठाचं. वहिनी, आता काही चिंता नाही, म्हणाला. दिवा दिसत नव्हता. दीपमालाला बरं वाटलं. माणूस देवाचं करणारा आहे, असं तिने घरी येऊन रत्नाबाईला सांगितलंही. त्या दिवसापासून ती निघताना त्या गणपतीला कुंकवाचं बोट लावू लागली.

कार्तिकात गाडी धक्के देऊ लागली. चढावर दम टाकायची, पेट्रोल जास्त प्यायची. भय्याजीला विचारलं तर त्याने गाडी चालवणाऱ्याच्या पायाकडे पाहिलं. चंद्रकुमारने तर निकालच देऊन टाकला की बाईच्या हाती गाडी गेली की क्लच जळतेच. पानठेल्यावर तीच चर्चा. तुमसरहून नवऱ्याचाही फोन आला, की तू अर्धा पाय क्लचवर ठेवत असशील. इतक्या जणांनी सांगितल्यावर माणसाला स्वतःच्या पायाचाही भरवसा राहत नाही. दीपमाला चप्पल काढून अनवाणी गाडी चालवू लागली, पाय कुठे आहे ते तळव्याला कळावं म्हणून. पौषाच्या थंडीत. तरी गाडी धक्के देतच राहिली.

मग त्या सोमवारी गाडी भर हायवेवर बंद पडली. मागून ट्रकांचे भोंगे, मागच्या सीटवर रत्नाबाई पदर तोंडावर धरून बसलेली. पाऊण तासाने गाडी कशीबशी सुरू झाली. दवाखान्यात पोचायला तासभर उशीर झाला, आणि चार तासांऐवजी तीनच तास मशीन मिळाली. संध्याकाळी चंद्रकुमारने ओसरीत तिच्यापुढे हात केला.

"वहिनी, चाबी द्या. गुरुवारपासून मी नेईन आईले."

रत्नाबाई खाटेवर डोळे मिटून पडली होती. मुलाचं ऐकायचं की सुनेचं, हे तिला त्या थकव्यात सुचलं नसावं. दीपमाला फक्त म्हणाली, बुधवारी देते, गाडी पुसून देते. पण मनातून ती पार खचली. चाबी गेली म्हणजे सासूचा जीव पुन्हा धानाच्या काट्यावर टांगला जाणार, हे तिला दिसत होतं.

मंगळवारी सकाळी ती कोठ्यात, म्हणजे जुन्या गोठ्यात, गाडी पुसायला गेली आणि थंडीमुळे दार लोटून घेतलं. कोठा अंधारा, अर्ध्यात छतापर्यंत धानाची तणीस, वाळका पेंढा, रचलेली. पावसाळ्यात ती भिजू नये म्हणून चंद्रकुमारने श्रावणात गाडीच्या शेजारी आणून टाकली होती. काच वर घ्यायला दीपमालाने चाबी फिरवली, आणि त्या अंधारात तिला गणपतीच्या चित्राच्या काठाने पिवळी रेघ उजळलेली दिसली. गाडी चालू केली. बाकीचे दिवे विझले. ती रेघ विझली नाही.

एरवी दार सताड उघडून निघताना मीटरवर ऊन असायचं, त्या उन्हात हे कधीच दिसलं नसतं. आणि देवाचं चित्र उचकटून मागे काय आहे ते बघणारा माणूस आमच्याकडे तरी जन्माला आलेला नाही. तिने हात जोडले, कोमट पाण्यात फडकं भिजवून चित्र अलगद सोडवलं आणि पदराला पुसून देवघरात ठेवलं. मीटरमध्ये तोच भादव्यातला दिवा जळत होता. तीन महिने तिने ज्याला कुंकू लावलं, त्याच्या पाठीमागे.

ती तशीच गाडी घेऊन गॅरेजात गेली. भय्याजी चहा पीत होता, सोबत दोन-तीन गिऱ्हाइकं. त्याला लाज वाटली असती तर कदाचित गोष्ट तिथेच संपली असती. तो हसला. जुन्या गाडीत तो दिवा जळतेच, म्हणाला. दोनदा बॅटरीची तार काढून विझवला, पुन्हा लागला. तुम्ही उगाच घाबराल म्हणून चित्र लावलं, पाहिजे तर दुसरीकडे लावून देतो.

"घाबराचं का नाही ते मी पाहिलं असतं," दीपमाला म्हणाली. आवाज चढला होता, आणि तिने तो खाली आणला नाही. "दिवा मले दिसू तर द्याचा. देवाचं चित्र कोनी काढनार नाही, हे तुमाले माईत होतं, म्हनूनच त्याच्या आड ठेवलं. अन् गाडी बंद पडली तर माझा पाय पाहाले लागले सगळे."

चहा पिणारे खाली बघू लागले. तिने गाडी वळवली.

गावातच तुलाराम काका राहतात. बस डेपोत तीस वर्षं मिस्त्री होते, आता निवृत्त. त्यांच्याकडे काडेपेटीएवढं एक यंत्र आहे. ते स्टिअरिंगखालच्या खोबणीत बसवलं की गाडीत काय बिघडलं त्याचा नंबर मोबाइलवर दिसतो. त्यांनी नंबर वाचला. दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नव्हतं.

"काका, माझ्या पायानं झालं का हे?"

"क्लचचा अन् या दिव्याचा काहीच संबंध नाही, पोरी," काका म्हणाले. "चार महिन्यांत हे तुले कोनीच सांगतलं नाही?"

कोणीच नाही. दीपमालाला रडू आलं नाही, उलट कान तापले.

काकांनी तिला समजावलं की नंबर जागा सांगतो, कारण सांगत नाही. हे तिला लगेच पटलं. सासूच्या रक्ताचे कागद तीन वर्षं तीच वाचत होती. आकडा वाढला हे कागद सांगतो, का वाढला ते शोधावंच लागतं. पिवळा दिवा एकसारखा जळत असेल तर एक-दोन दिवसांत दाखवायचं. लपलप, म्हणजे लागत-विझत असेल तर गाडीवर जोर द्यायचा नाही, बाजूला घेऊन थांबवायची, नाहीतर इंजिनासोबत सायलेन्सरही जातो. सोमवारी हायवेवर तो तसाच लपलपत असणार, गणपतीच्या मागे. मागच्या सीटवर रत्नाबाई होती.

मग काकांनी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल, म्हणजे ठिणगी देणारा भाग, काढून तिसऱ्यावर लावली आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. आता दोष तिसऱ्यावर गेला तर कॉइल खराब. गाडी चालवून पुन्हा नंबर काढला. दोष दुसऱ्यावरच. प्लगही असाच बदलून पाहिला. दोष जागचा हलला नाही. नवीन कॉइल घालून मोकळा होणारा मिस्त्री असता तर गाडी तशीच धक्के देत राहिली असती. उरली ती कॉइलकडे जाणारी तार. काकांची नजर आता कमजोर, म्हणून तांदळातले खडे वेचणाऱ्या बोटांनी दीपमालानेच ती चाचपली. एका वळणाखाली तिचं बोट अडलं. वरचं आवरण कुरतडलेलं, आत तांबं चमकत होतं, आणि तिथे तणसीच्या चार काड्या नि उंदराच्या लेंड्या.

काकांनी तेवढा तुकडा कापून नवी तार जोडली. दिवा विझला. बुधवारी ती मुद्दाम पवनी रस्त्याने लांबवर जाऊन आली, चप्पल घालून. एक धक्का नाही.

संध्याकाळी चंद्रकुमारने पुन्हा हात पुढे केला. दीपमालाने त्याच्या तळहातावर कुरतडलेली तार ठेवली, वर तणसीची एक काडी.

"तणीस तुमी ठेवली, भाऊजी. तार उंदरानं खाल्ली, दिवा भय्याजीनं झाकला. दिसला तो माझा एकटीचा पाय."

"आता उंदरं का मी पाठवले?" चंद्रकुमार हसत म्हणाला, पण हात त्याने मागे घेतला नव्हता. चाबीसाठी अजून पुढेच होता.

तेव्हा खाटेवरून रत्नाबाई बोलली. "काट्यावर मले दोनदा इसरला तू. तिनं एकदाही नाही. चाबी तिच्यापाशीच राहील. तू आधी कोठ्यातली तणीस काढ."

त्याने ती दुसऱ्या दिवशी पहाटे काढली. तोंड पाडून, पण काढली. राजकुमारला फोनवर दीपमालाने सगळं सांगितलं, क्लचचंही. त्याने मिलमधल्या कामाचं काढलं, पण तिने विषय बदलू दिला नाही.

गणपती आता देवघरातच आहे. गुरुवारी तिने तिथेच कुंकू लावलं, सासूला गाडीत बसवलं आणि चाबी फिरवली. सगळे दिवे लागले, पिवळाही. गाडी चालू झाली. रत्नाबाई मागून मान उंच करून मीटरकडे बघत होती.

"इझला का?"

"इझला, आई."

"मंग चाल."