दिगूकाकांचं मत

फोन घ्यायला आलेला माणूस आधी त्याचा पडदा बघतो आणि मग मागचे कॅमेरे मोजतो. दिगूकाका फोन कानाला लावून दुकानाबाहेर, भर रस्त्यात जाऊन उभे राहत. आगाशीच्या बाजारात बस वळायला लागली की तिच्या घरघराटात उभं राहून ते दुकानदाराला म्हणत, "हां, आता बोल." दुकानदार आतून दुसऱ्या फोनवर काहीबाही बोले. काका डोळे मिटून ऐकत, परत येत आणि निकाल देत. घ्या, थांबा किंवा नको, यापलीकडे त्यांचा निकाल जात नसे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, आणि त्या वेळी त्यांच्या कानाला लावलेला फोन मी पसंत केलेला होता. तो त्यांनी मला न विचारता काउंटरवरून उचलला होता.

"नको, बाई," ते म्हणाले. मी शाळेत शिकवायचे आणि दुकानदाराची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे तो मला बाई म्हणत होता. काकांनीही तेच उचललं. "दिसायला देखणा आहे, पण बहिरा आहे. फोन हा आधी फोन असावा. बाकीच्या कला नंतर." मला राग आला. पैसे माझे, फोन माझा, आणि हे गृहस्थ कोण? पण दुकानदारच मान डोलवत दुसरा खोका काढायला लागला. विकणाऱ्याने ज्याचं ऐकावं अशा गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी काकांनी सांगितलेला फोन घेतला. तो इतका टिकला की पुढे पुढे तो स्टाफरूममध्ये बाहेर काढायची मला लाज वाटायची, आणि बिघडतच नाही तर टाकायचा कसा म्हणून मी तोच वापरत राहायची.

दिगूकाका विरारजवळच्या नंदाखाल गावचे. घरची वाडी होती, नारळ, केळी आणि खाऊच्या पानांच्या वेलींची. वाडी थोरले भाऊ बघायचे. त्यांना सगळं गाव दादा म्हणे. दिगूकाकांनी सरकारी कचेरीत नोकरी केली आणि यंत्रांवर प्रेम केलं. गावात पहिला टेपरेकॉर्डर त्यांचा, पहिला कॉम्प्युटरही त्यांचा. निवृत्त झाल्यावर तर ते आगाशीपासून बोळिंजपर्यंतच्या घराघरांचे सल्लागार झाले. आमच्या बोळिंजच्या सोसायटीत कुणाला टीव्ही घ्यायचा असला तरी निरोप नंदाखालला जायचा, आणि काका स्कूटर काढून भिंत बघायला यायचे. टीव्ही नंतर बघू म्हणायचे. "मोठा टीव्ही हवा असेल तर आधी मोठी भिंत घ्या," असं त्यांनी आमच्या सेक्रेटरींना त्यांच्याच बैठकीच्या खोलीत ऐकवलं होतं.

त्यांची मतं ऐकायला मला फार आवडत. नवीन अपडेट आलं की काका सांगत, "चार दिवस थांबा. पहिल्या पंगतीला बसू नये. मीठ कमी पडलंय की जास्त, ते दुसऱ्यांना कळू दे." माझा कॉम्प्युटर रांगत चालायला लागला तेव्हा मी नवा घ्यायच्या गोष्टी करत होते. काकांनी तो उघडून बघितला आणि म्हणाले, "हा म्हातारा नाही झालाय. तुम्ही याचा माळा केलाय." दुपारभर बसून त्यांनी त्यातली अडगळ काढली. चार्जर ओढून काढणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून संताप येई. "वायरीला गळ्याला धरून ओढू नका हो," ते कळवळून म्हणत, जणू काही त्यांचाच गळा कुणी धरलाय.

आणि वारा! आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याला ते सर्वांत मोठा परीक्षक मानत. त्यांच्या ओटीवर एक उघडं कपाट होतं. त्यात नवीन आलेलं प्रत्येक यंत्र ते एक पावसाळा ठेवून देत. पावसाळा संपल्यावर कशाच्या पिना हिरव्या पडल्यात, कशाचं बिजागर कुरकुरतंय, ते तपासून मग मत देत. जाहिरातीतलं सगळं खरं असेल, पण ती जाहिरात करणारे नंदाखालला राहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मला हा माणूस थोर वाटायचा तो यासाठी. यंत्रावर इतकं प्रेम असून तो यंत्राला भुलत नसे.

एकदाच भुलला.

दादांची विहीर चालवायची एक रीत होती. ते रोज पहाटे मोटर थोडा वेळ चालवत, मग बंद करत आणि संध्याकाळपर्यंत विहिरीला हात लावत नसत. पाटात पाणी सोडण्यापूर्वी ओंजळीत घेऊन चाखत, जिभेवर घोळवत, थुंकत, आणि मगच पाटाचं तोंड उघडत. समुद्र काही फार लांब नाही. इथे विहिरीतलं गोडं पाणी खालच्या खाऱ्यावर सायीसारखं धरलेलं असतं. उपसा जास्त झाला की खालचं वर येतं. एकदा खारवलेली विहीर कधी सुधारते, कधी सुधारतही नाही. त्या एका विहिरीवर दोन्ही भावांची घरं, सगळी वाडी आणि दादांनी जन्मभर वाढवलेल्या पानवेली उभ्या होत्या.

काकांनी तिथे फोनवर चालणारा स्टार्टर बसवला. वेलींच्या मुळाशी ओल मोजणाऱ्या सळया खोचल्या. माती सुकली की मोटर आपोआप चालू, ओली झाली की आपोआप बंद. दादा घरी असत तोवर ते रात्री आणि दुपारी मेन स्विच पाडून ठेवायचे, त्यामुळे आपोआपपणाला फार वाव मिळत नसे. काका त्यावरून त्यांची थट्टा करत. भावाभावांचं बोलणं घरच्या बोलीत चाले. मला त्यातलं निम्मं कळे, पण दोघे हसतायत एवढं दिसे.

त्या वैशाखात दादा मोतीबिंदू काढायला पालघरला लेकीकडे गेले. जाताना धाकट्या भावाला एवढंच म्हणाले, विहिरीकडे बघ. काकांनी मेन स्विच वर केला तो वरच ठेवला. ऊन मी म्हणत होतं, माती दिवसभर सुकत होती आणि मोटर दिवसभर चालत होती. काका रोज विहिरीत वाकून बघत. पाण्याची पातळी जराही उतरत नव्हती. विहीर किती उदार आहे, दादा उगाच घाबरतात, असं ते मला फोनवर सांगत. पातळी का उतरत नाही, जाणाऱ्या पाण्याची जागा कोण घेतंय, हे त्या मिठागरांच्या मुलखात जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. पुढे वेलींच्या पानांच्या कडा करपल्या. काकांनी फोनवर रोगाचे व्हिडिओ पाहिले आणि औषध फवारलं. फोन तर सांगत होता, माती छान ओली आहे. मातीत मीठ उतरलं की त्या स्वस्त सळया कोरड्यालाही ओलं म्हणतात, हे त्यांना नंतर कळलं.

मी एका रविवारी सकाळी केळीची पानं आणायला गेले होते. उन्हातून आले म्हणून, काकांनी करपलेल्या वेलींसाठी फोनवरून मुद्दाम चालू केलेल्या मोटरीच्या पाइपाखाली तोंड धुतलं, आणि ओठांना चव लागली. मी सहज म्हटलं, "काका, पाणी मचूळ लागतंय." ते हसत हसत आले, ओंजळ भरली, चाखली. माणसाचा चेहरा असा उतरलेला मी पाहिला नव्हता. फोन त्यांच्या खिशातच होता. तो न काढता ते धावत मोटरीच्या खोलीत गेले आणि हाताने मेन स्विच पाडला. बाहेर येऊन ते विहिरीच्या कठड्यावर बसले.

संध्याकाळपर्यंत घरात सगळ्यांना कळलं. दादांचा मुलगा सुहास विरारला कंपनीत कामाला होता, समजूतदार मुलगा. तो म्हणाला, आबांना, म्हणजे दादांना, आत्ता सांगायला नको, डोळ्यांवर ताण येईल. आणि पुढे सांगायचं झालं तरी टँकरवाल्यांचं नाव सांगू. आजूबाजूच्या विहिरींतून टँकर भरून जातात हे तर खरंच आहे. ते टँकर आमच्या बोळिंजच्या इमारतींकडेच येत असल्यामुळे मी मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, काका हो म्हणतील. कुणीही म्हटलं असतं.

"सुहास," काका म्हणाले, "मी दुसऱ्यांच्या वस्तूला तिच्या तोंडावर बहिरी म्हणतो. आज माझी पाळी आली तर टँकर पुढे करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पालघरला गेले. तिथे काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. दादा काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. काकांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, स्टार्टर, पातळी, फवारणी, काहीही न गाळता. दादांनी एकच विचारलं, "चाखलं नाय?" काका म्हणाले, नाही. मग दादा म्हणाले, "विहीर रागावली नाय, दमली हाय. निजू दे तिला." त्यानंतर मात्र त्यांनी तोंड फिरवलं. ते घरी परत आल्यावरही काकांशी बोलेनात. एका अंगणात दोन घरं, आणि निरोप काकूंमार्फत जायचे.

पानवेली गेल्या. दादा काळ्या चष्म्याआडून त्या उपटल्या जाताना बघत उभे होते, आणि तेव्हा काका त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. वाडीच्या कडेला एक बुजत आलेलं बावखल होतं. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं वाडीतलं तळं. त्याचं पाणी झिरपून विहिरी गोड राहतात. काकांनी पावसाच्या आधी ते उपसायला घेतलं. माणसं लावली होती, पण स्वतःही गुडघाभर चिखलात उतरले. इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन याखेरीज मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. या वयात कशाला, असं मी म्हटलं तर म्हणाले, "बाई, बिघाड माझा आहे. दुरुस्ती घरपोच करायला हवी." हसले नाहीत.

आगाशीच्या त्या दुकानातही ते गेले. कुणी शेतकरी फोनवरचा स्टार्टर मागायला आला की काका स्वतः पुढे होऊन सगळी हकीकत सांगत. मला वाटायचं, आता हा माणूस यंत्रांना शिव्या घालणार. तसं झालं नाही. "यंत्र उत्तम आहे, घ्या," ते म्हणत. "मी त्याला पाणी मोजायला शिकवलं, चव विचारायला मी विसरलो. तुम्ही विसरू नका." स्वतःच्या फजितीचं इतकं शांत, इतकं उपयोगी वर्णन करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आपल्याकडे लोक चूक कबूल करतात तेव्हा एकतर रडतात, नाहीतर तिच्यातही मोठेपणा शोधतात.

पाऊस भरपूर झाला. बावखल काठोकाठ भरलं. नवरात्राच्या सुमारास एका सकाळी दादा विहिरीवर आले, बादली ओढली आणि ओंजळ भरून चाखली. मग काकांना खुणेने जवळ बोलावलं आणि उरलेलं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतलं. काका चाखत होते तेव्हा दादांनी विचारलं, "गोड?" इतक्या महिन्यांत भावाने भावाशी बोललेला तो पहिला शब्द. काका सांगायचे की मला चव कळलीच नाही, पण मी हो म्हटलं.

पुढच्या वर्षी नव्या वेली लागल्या. स्टार्टर परत बसला, सोबत खारटपणा मोजणारी पेनासारखी एक कांडी आली. पण आधी दादा चाखणार, मग काका कांडी बुडवणार, आणि दोघांचं जमलं तरच मोटर सुरू होणार, असा नियम झाला. काकांची मतंही पूर्वीसारखीच चालू राहिली. मध्यंतरी काहीही विचारलं तरी उत्तर देणारा तो नवा मदतनीस सगळ्यांच्या फोनमध्ये आला. मी काकांचं मत विचारलं. म्हणाले, "हुशार आहे. माहीत नसलं तरी ठामपणे सांगतो. तेवढा एक अवगुण माझा घेतलाय."

दादा गेल्या थंडीत गेले. मी तोवर निवृत्त होऊन नाशिकला आले होते. भेटायला गेले तेव्हा काका ओटीवर बसले होते. शेवटच्या आजारात सुहासने वडिलांना विचारलं होतं, विहिरीचं आता कुणी बघायचं? सुहासला शेतीची आवड होती, तो नोकरी सोडायच्या विचारात होता, आणि विहीर त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. दादांचं उत्तर काकांनी मला त्यांच्याच बोलीत सांगितलं, आणि सांगताना ते उघड उघड रडत होते.

"विहीर दिगूकडे ऱ्हाऊ द्या. ज्याच्या हातून एकदा खारवली, तो परत खारवू द्यायचा नाय."