सगळेच काका

कॅनडात, एडमंटनच्या आइस हॉकी अरेनात शिरताना दाराशी एक बाई लहान मुलांच्या मनगटाला कागदी पट्टी बांधत होती. त्यावर घरच्यांचा फोन नंबर. मी म्हणालो, "नको, माझा हात आहे की." चाळीस वर्षं पूल बांधले, सहा वर्षांची नात सांभाळायला मला पट्टी कशाला? मुलाने आणि सुनेने पहिल्यांदाच तिला एकट्या माझ्यावर सोपवलं होतं.

मॅचच्या पहिल्या पिरियडनंतर पॉपकॉर्नच्या रांगेत लागलो. पैसे द्यायला तिचा हात सोडला. कार्ड चालेना म्हणून दुसरं काढलं. मागे वळलो तर नात नाही.

आधी मला रागच आला. खांबामागे लपली असेल, सापडली की चांगली खडसावतो. खांबामागे कुणी नव्हतं. मग मात्र मी मदतीच्या काउंटरकडे धावलो.

तिथल्या सिक्युरिटीच्या मुलीने विचारलं, "व्हॉट इज शी वेअरिंग, सर?" मी म्हणालो, टीमची जर्सी. तिने गर्दीकडे पाहिलं. प्रत्येक पोराच्या अंगात तीच जर्सी होती. "अँड हर बूट्स?" सकाळी ते बूट मीच चढवले होते आणि मला रंग आठवेना.

ती रेडिओवर बोलली, उत्तर ऐकलं आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, "सर, कॅमेऱ्यात एक लहान मुलगी दिसतेय. साउथ एशियन माणसाचा हात धरून चाललीय. इज ही विथ यू?"

माझ्याबरोबर कुणीच नव्हतं. पण तिने तो हात का धरला हे मला त्याच क्षणी कळलं. मीच शिकवलं होतं. आपल्यातलं कुणी दिसलं की काका म्हणायचं, लाजायचं नाही. ग्रोसरीत, देवळात, कुणी गाल ओढला आणि ती मागे सरली, तर दटावणाराही मीच. बाहेर उणे वीस, पार्किंगमध्ये हजारो गाड्या, आणि माझी नात काकांचा हात धरून चालली होती. इतका मी जन्मात कधी घाबरलो नव्हतो.

तो माणूस स्वतःच तिला मदतीच्या काउंटरवर घेऊन आला. तिशीतला असेल, चेहरा पांढराफटक. "अंकल, मैंने सिर्फ पूछा, खो गई हो क्या? इसने झट से हाथ पकड़ लिया," तो म्हणाला. "मेरी भी बेटी है. मुझे डर लग गया." मी त्याचे दोन्ही हात धरले.

नात रडत नव्हती. "व्हाय आर यू शेकिंग, आजोबा? आय वॉज विथ काका."

घरी सगळं खरं सांगितलं. सुनेने नातीला जवळ ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी मुलाचा एक जुना मित्र जेवायला आला. भला माणूस. नेहमीसारखे हात पसरून म्हणाला, "ये गं, काकाकडे ये." नात जागेवरच थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. एरवी मी तिला पुढे ढकललं असतं.

"तुला जायचं असेल तर जा," मी म्हणालो.

ती गेली नाही. त्याने हात खाली घेतले, आणि मी त्याची माफी मागितली नाही.