हिरव्या खुणेची विहीर

बेंगळुरूला निघाले त्या दिवशी नारायणगावच्या स्टँडवर मम्मीनं अगदी शेवटी माझ्या पिशवीत दुहेरी शिवलेलं एक जाड सुती कापड कोंबलं. तिथलं पाणी कसं असेल कुणास ठाऊक, गाळल्याशिवाय पिऊ नकोस, म्हणाली. पप्पा हसले. "अगं, ती पाण्याचंच शिकायला चाललीय आणि तू तिला गाळणं देतेस?" एसटी हलली तेव्हा पप्पांनी नुसता हात वर केला. मम्मी मात्र खिडकीबरोबर चालत चार्जर घेतला का, ते विचारत राहिली. मी रडले नाही. बारावी झालेली मुलगी मी, पुढं काय काय बघायला मिळणार या उत्सुकतेनं माझं घराकडे लक्षच नव्हतं. त्याची लाज मला बऱ्याच उशिरा वाटली.

याला नऊ वर्षं झाली. आता मी इथं पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते आणि शनिवारी तळ्याकाठच्या एका सरकारी शाळेतल्या मुलांना त्यांचंच तळं दाखवते. भाजीवालीला अक्का म्हणते, गल्लीला क्रॉस म्हणते, आणि काही अडलं की तोंडातून आपसूक 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी', म्हणजे जरा सांभाळून घ्या, असं निघतं. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, पाणी टँकरनं येतं. कुठल्या बोअरचं, कुणाच्या शेतातलं, कुणी विचारत नाही. मला विचारल्याशिवाय राहवेना. ड्रायव्हर म्हणाला, "नीरु अंद्रे नीरु, मॅडम." पाणी म्हणजे पाणी. त्याचंही बरोबरच होतं, त्याला अजून चार खेपा करायच्या होत्या.

तुम्ही जे गावी राहिलात त्यांना आणि माझ्यासारखे जे बाहेर पडलात त्यांनाही हे सांगतेय, कारण आमच्या घरी पाण्याला पत्ता होता. आमचे पूर्वज राजस्थानातून आले, पण मला मराठीखेरीज दुसऱ्या भाषेत भांडता येत नाही. निमगाव सावाजवळच्या आमच्या वाडीत पप्पांचं बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. आम्ही जैन, घरात पाणी गाळूनच प्यायचं. गाळून झालं की मम्मी कापड उलटं करून चांगल्या पाण्यात खळबळायची आणि ते पाणी बादलीतून हळूच त्याच विहिरीत सोडायची. कापडावर अडकलेले बारीक जीव त्यांच्या घरी परत गेले पाहिजेत, दुसऱ्या विहिरीत नाही. याला जिवाणी म्हणतात. मी भिंग घेऊन त्या कापडावर वाकलेली असायचे. उड्या मारणारे ठिपके, लालसर दोरे, एखादा स्वल्पविरामासारखा वाकडा प्राणी. "मम्मी, यांना आपण दिसतो का?" असं विचारलं की ती म्हणायची, "त्यांना शाळा नसते, तुला आहे. पळ."

नववीत विज्ञानाच्या सरांनी पर्यावरणाचा प्रकल्प दिला, परिसरातल्या विहिरींची पाहणी. मी म्हटलं, सर, आमच्याकडे कापड आहे. सर खूश. आम्ही चौघी मैत्रिणी चार विहिरींवर फिरलो. प्रत्येक विहिरीचं सारख्याच बादल्या पाणी गाळायचं, कापडावर जीव सापडले तर तक्त्यावर लाल खूण, नाही सापडले तर हिरवी. तीन विहिरी लाल निघाल्या. माळावरची विहीर मात्र अशी की कापडावर एक ठिपका नाही, आणि पाणी इतकं नितळ की तळाचे दगड दिसावेत. मम्मी मुद्दाम बघायला आली. या विहिरीचं पाणी भरलं तर एकाही जिवाला धक्का लागत नाही, म्हणाली. मला अजून तो तिचा समाधानी चेहरा दिसतो. आमचा तक्ता तालुक्याच्या प्रदर्शनात गेला, आणि मी महिनाभर ताठ मानेनं फिरले.

भातकापणी उरकली की दरवर्षी डोंगरातली माणसं आमच्याकडे टोमॅटो-कांद्याच्या कामाला उतरतात. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्याही वर त्यांची गावं. धरण त्यांच्या पायाशी आहे आणि उन्हाळ्यात पाणी मात्र त्यांना टँकरनं मिळतं. त्यांच्यातली कमळमावशी सामानाला दुकानात यायची. त्या वर्षी तिनं मला विचारलं, "ताई, तू समद्या इहिरी बघितल्या म्हणं. आमी कुठली भरू?" तोवर त्या बायका ओढ्याकाठच्या विहिरीवर जायच्या, पालापाचोळा आणि किडे असलेल्या. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, माळावरची. तिला ते सोयीचंही होतं, ही माणसं राहायची त्या पत्र्याच्या शेडपासून जवळ.

दोनेक महिन्यांत शेडमध्ये डोकेदुखी, उलट्या, हाताची आग सुरू झाली. डोंगरातल्या माणसांचा एक पक्का समज आहे की खालचं पाणी आपल्याला बाधतं. त्यामुळे विहिरीवर कुणाचा संशय गेला नाही. पुढच्या हंगामात ती माणसं पुन्हा आली, तेच पाणी, तोच त्रास. असे चार हंगाम गेले. मी रोज दुकानात कमळमावशीला बघत होते आणि मला काहीही खटकलं नाही. एरवी जगभरचे प्रश्न विचारणारी मी.

बेंगळुरूतल्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी दोन बरण्या समोर ठेवल्या. एकीत जिवांची वळवळ, दुसरी नितळ. कुठल्या पाण्याची भीती वाटते? सगळ्या वर्गानं वळवळीकडे बोट दाखवलं. मॅडम म्हणाल्या, वळवळीचं पाणी उकळून प्या, पण दुसऱ्या बरणीत काहीच का जगत नाही ते आधी विचारा. कीटकनाशक उतरलं की हे बारीक जीव माणसाच्या आधी जातात. माळावरच्या विहिरीभोवती सगळे टोमॅटोचे प्लॉट. तिथंच काठावर बसून लोक औषध कालवायचे, तिथंच फवारणीचे पंप धुवायचे. आणि औषध आमच्या दुकानातलं.

मी मम्मीला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे तिथं वाचवायला कुणी उरलंच नव्हतं. आणि मी पुण्य समजत होते." तिनं पप्पांना गाठलं. पप्पा चिडले, मग काय दुकान बंद करू का म्हणाले. मम्मी म्हणाली, "दुकान नंतर बघू. आधी पंप." पाण्याचा नमुना ती स्वतः पुण्याला घेऊन गेली. दिवाळीनंतर मी घरी आले तोवर रिपोर्ट आला होता. दोन कीटकनाशकांची नावं होती. पप्पांनी ती वाचली, फळीवरच्या दोन बाटल्या उतरवून नावं ताडून बघितली, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

शेडवर मला एकटीलाच जायचं होतं. नुकतीच डोंगरातून उतरलेली कमळमावशी चुलीपाशी होती. मी म्हटलं, मावशी, मी सांगितलेली विहीर चुकीची होती, त्यात फवारणीचं औषध उतरलंय, तुमचा त्रास त्यातूनच आला असणार. तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"तुला ठावं व्हतं का?"

"नव्हतं, मावशी."

"मंग आता कुठली भरू?"

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकून घेतल्या असत्या. ओढ्याकाठचं उकळून प्या, एवढं बोलले आणि तिथंच रडायला लागले. तिनंच मला पाणी दिलं. ते मी प्याले.

पुढचं काम मी केलं असं म्हणता येणार नाही, मी परत कॉलेजला गेले. मम्मी आणि शाळेतली मुलं पुन्हा विहिरीविहिरी फिरली, या वेळी कापड आणि लॅबसाठी नमुन्याच्या बाटल्या दोन्ही घेऊन. ग्रामसभेत कधी तोंड न उघडलेली माझी आई उभी राहून बोलली. कमळमावशीही गेली होती. तिनं शेडसाठी नळ मागितला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "पावणं, तुमची नावं गावच्या यादीत न्हाईत." मावशी म्हणाली, "कामाच्या यादीत हायेत न्हवं? का तहान आमी डोंगरात ठिवून येतो?" मम्मीनं मला हे फोनवर तीनदा सांगितलं. बेंगळुरूच्या यादीत माझंही नाव नाही. तरी माझ्या दारात टँकर उभा राहतो, आणि मला कुणी पाहुणी म्हणत नाही.

पंप धुवायला विहिरींपासून लांब पडीक जागा ठरली. रिकाम्या बाटल्या पप्पा दुकानात परत घेतात, कुरकुर करत, पण घेतात. माळावरच्या विहिरीवर 'तपासल्याशिवाय पिऊ नका' अशी पाटी लागली. नळाची लाइन आली, ती शेडच्या अलीकडेच थांबली. त्यासाठी मावशीचे आणि मम्मीचे अर्ज अजून चालू आहेत. माळावरच्या पाण्यात आता थोडेसे जीव दिसू लागलेत, पण त्यावर मी भरवसा ठेवत नाही. दर हंगामाच्या आधी नमुना पुण्याला जातो, रिपोर्ट माझ्या फोनवर येतो आणि ते पाणी भरायचं की नाही ते मी मावशीला कळवते.

यंदा रिपोर्टला उशीर झाला. माणसं उतरली, आणि मी लॅबमध्ये असतानाच फोन वाजला. "ताई, कागुद आला का?" मी म्हटलं, नाही, दोन दिवस लागतील. "बरं. तवर ओढ्याचं लांबनं आणू. तू म्हणशील तवाच माळावरचं भरू." फोन ठेवून मी समोरच्या रिपोर्टवर सही करायला घेतली. आठवड्याला कितीतरी सह्या करते मी इथं, आणि त्यातलं कुठलं पाणी कोण पितं ते मला कधी कळत नाही. माझ्या शब्दावर चार हंगाम विष प्यालेली बाई मात्र अजून माझ्याच शब्दासाठी थांबून राहते. इथले मित्र विचारतात, घर कुठं तुझं? मी वाडीचं नाव सांगते, आणि सांगता सांगता फोन बघते, रिपोर्ट आला का ते.