पाणी घातलेल्या स्पिरिटवर फरिदाबाद

ऐंशी सालच्या हिवाळ्यात दिल्लीच्या पेट्रोलपंपांवर रांगा लागायच्या, तेव्हा गुणवंत खराडे मिशीत हसत पंपासमोरून गाडी काढायचा. त्याची सरकारी ॲम्बेसिडर स्पिरिटवर चालत होती, उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटवर.

गुणवंत मूळचा श्रीरामपूरकडचा. ड्रायव्हरकी करता करता दिल्लीत केस पिकले, पण तोंडातलं ‘व्हय’ काही गेलं नाही. त्याच्या लहानपणी गावाजवळच्या कारखान्याची मळी ओढ्यात सुटायची. पाणी काळंठिक्कर पडायचं, मासे पोट वर करून तरंगायचे, वास असा की जेवताना घास फिरायचा. म्हणून त्याच्या खात्यातल्या श्यामकांत गोडबोले साहेबांनी स्पिरिटच्या प्रयोगाला ड्रायव्हर मागितला, तेव्हा बाकीचे फिदीफिदी हसले आणि हा उठून उभा राहिला.

“साहेब, जिनं आमचा वढा मारला तिच्यावर मोटार पळणार असंल, तर किल्ली माझ्याकडं द्या.”

करोल बागेतल्या बलबीर उस्तादानं कार्बुरेटर उघडला. स्पिरिट जास्त लागतं म्हणून आतली भोकं मोठी केली, स्पिरिटनं फुगणाऱ्या रबरी नळ्या बदलल्या. थंडीत इंजिन नुसत्या स्पिरिटवर पेटत नाही, म्हणून बॉनेटखाली पेट्रोलची छोटी बाटली बसवली, फक्त सुरू करण्यापुरती.

“मराठे, गाड़ी को शराबी बना दिया तूने!” उस्ताद म्हणाला. पण पुढं त्यानंच प्लग काढून पाहिले आणि दाढी खाजवत बसला. काजळीचा ठिपका नव्हता. इंजिन तापत कमी होतं, चढावर ठोके देत नव्हतं, मागं काळा धूर नव्हता. पीत जास्त होतं, तेही गुणवंत लपवत नसे. “दुभती म्हस पेंड खाणारच की!”

राहिली होती प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या कमिटीची परीक्षा. कमिटीचे सक्सेना साहेब स्वतः गाडीत बसून कोपर्निकस मार्गावरच्या ऑफिसपासून फरिदाबादच्या प्रयोगशाळेपर्यंत जाणार होते. वाटेत गाडी बंद पडली तर प्रयोग गुंडाळायचा आणि ॲम्बेसिडर पुन्हा पेट्रोलवर, असं ठरलेलं. दिवस रविवारचा, स्टोअर बंद. म्हणून आदल्या दिवशीच गोडबोले साहेबांच्या परवानगीनं गुणवंतनं स्पिरिटचा कॅन सरोजिनी नगरच्या क्वार्टरवर आणून ठेवला.

सकाळी त्यानं कॅन टाकीत रिकामा केला. बाटलीतल्या पेट्रोलवर इंजिन पेटलं, गरम झालं, आणि स्पिरिटवर घेताच दमेकऱ्यासारखं खोकायला लागलं. नळ्या बघितल्या, फिल्टर बघितला. शेवटी कॅनच्या तळचे थेंब चिंधीवर घेऊन काडी लावली. जाळ नुसता चरचरला आणि विझला. गुणवंतच्या डोक्यात प्रकाश पडला. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

“सुमे, कॅनला हात कुणी लावला?”

सुमित्रा पोळ्या लाटत होती. वळलीसुद्धा नाही. “मी. पाणी घातलं. चांगले तीन-चार तांबे.”

“पाणी?”

“मग काय हळदकुंकू घालू? किती दिवस बघतेय, घरी येता ते दारूचा भपका घेऊन. आता तर अख्खा डबाच आणलात! आमच्या वहिनीनं असंच पाणी घालघालून दादाची सोडवली.”

“आगं, ती मोटारीची हाय! औषध घातलंय त्यात. माणूस पिला तर आंधळा हुईल!”

लाटणं थांबलं. “हे तोंडानं सांगायला काय झालं होतं? मोटार दारू पिते हे मला स्वप्नात दिसणार होतं का?”

गुणवंत जिन्याकडे वळला. “एक गोणपाट दे,” तो म्हणाला.

गोणपाट त्यानं रेडिएटरसमोर बांधलं, म्हणजे गार वारा लागू नये, इंजिन गरम राहावं. गाडी गचके खात कोपर्निकस मार्गावर पोचली. पाण्याचं ऐकून गोडबोले साहेबांचा चेहराच उतरला.

“आज रद्द करू या, गुणवंतराव. पुढची तारीख मागतो.”

“सक्सेना साहेब देतील?”

 हीच तारीख किती विनवण्यांनी मिळाली होती, ते दोघांनाही माहीत होतं.

“मग बसा,” गुणवंत म्हणाला. सक्सेना आले तसं त्यानं दार उघडून त्यांनाही सांगून टाकलं, “साब, टंकी में पानी मिल गया है. फिर भी ले जाऊँगा.”

“चलो, देखते हैं. रुकी तो मैं लिखूँगा, रुक गई.”

मथुरा रोडला लागले. चोक अर्धा ओढलेला, गाडी एक गियर खालीच. गुणवंतचा कान इंजिनावर. जरा आवाज बसला की पाय हलका करायचा, पुन्हा हळूच दाबायचा. बदरपूरला रेल्वेचं फाटक पडलेलं. रांगेतल्या सगळ्यांनी इंजिनं बंद केली. यानं केलं नाही. गाडी थरथरली, मेल्यासारखी झाली. मागं गोडबोले पुढं सरकून बसले. “ए बाय, इथं नगं,” गुणवंत पुटपुटला आणि पाय तसाच ठेवला. फाटक उघडलं तेव्हा ती रांगेतल्या बैलासारखी मुकाट पुढं निघाली.

प्रयोगशाळेच्या आवारात सक्सेना उतरले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. “पेट्रोल में इतना पानी होता तो?”

“पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, सर,” गोडबोले म्हणाले, मग भानावर येऊन हिंदीत वळले. “नीचे बैठ जाता है. इंजन पहले पानी ही खींचता.”

“यानी दफ़्तर के गेट पर ही धक्का लगाना पड़ता,” सक्सेना हसले. “बस, हो गया. पास लिख देता हूँ.”

गोडबोल्यांनी हात पुढं केला. पण गुणवंत मध्येच म्हणाला, “अभी मत लिखो, साब.”

“अरे, का?” गोडबोले दचकले.

“ही लंगडत आलीया, साहेब. लंगड्या घोड्यावर शिक्का कशाला? हितं चांगलं स्पिरिट असंल की.”

टाकी उपसली, शुद्ध स्पिरिट भरलं. परतताना गाडी पहिल्याच दाबाला उसळली. बदरपूरच्या पुढं सक्सेनांनी थांबायला सांगितलं. मागचं दार उघडून ते उतरले आणि पुढं, गुणवंतशेजारी येऊन बसले.

“अब दबाओ,” ते म्हणाले.

गुणवंतनं पाय दाबला.