अचूकता: दहापैकी दहा

अन्याय झाला तो माझ्या चुलतवहिनींवर. केव्हा, तर शर्यतीनंतरच्या गुरुवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी. पहिली पाळी संपवून, कंपनीच्या बसनं सुप्याहून केडगावला येऊन वहिनी हातपाय धूत होत्या आणि ओट्यावर ठेवलेला मोबाईल वाजला. डोंगरवाटेच्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत बायकांमध्ये पहिल्या आलेल्या वहिनी सुधारित निकालात कुठंच नव्हत्या. दुसऱ्या नाही, शेवटच्याही नाही. खालच्या सगळ्या एकेक घर वर सरकल्या होत्या. कारण एका ओळीत दिलं होतं: ठरलेल्या मदतकेंद्राबाहेर मदत घेतली.

पुरावा मी दिला होता. म्हणून हे लिहिणं माझ्यावर आलंय.

मी पत्रकं लिहितो. कॉलेजात असल्यापासून. कंत्राटी कामगारांच्या पाळ्या, बसथांब्याचं कधीच न लागलेलं छप्पर, आणि एकदा हळदीकुंकवाविरुद्धसुद्धा. विधवेला दाराबाहेर ठेवणारा समारंभ बंद करा, असं मोठ्या टायपात छापून मी स्वतः बाजारात वाटलं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं ते माझ्या तोंडावर मारलं गेलं. पत्रकांवर पोट चालत नाही. म्हणून धावणाऱ्यांसाठीच्या एका वेबसाइटला अधूनमधून बुटांची, पाठीवरच्या पाणपिशव्यांची परीक्षणं लिहून देतो. यंदा जानेवारीत त्यांनी एक घड्याळ पाठवलं. वीस दिवस वापरा, लिहा, परत करा.

काळं, जाडजूड, पोलादी कड्याचं, पाच बटणांचं जीपीएस घड्याळ. खोक्यावर बर्फाच्या डोंगरात चढणारा दाढीवाला गोरा. शंभर-शंभर किलोमीटर पळणाऱ्यांसाठी बनवलेलं, फुटत नाही, भिजत नाही, वाट चुकू देत नाही, असा दावा. मी ते दिवसभर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं. मुरमावर आपटलं. चुलत्यांच्या टेम्पोत खडीबरोबर टाकून गावभर फिरवलं. ओरखडा नाही. पण खरी परीक्षा धावण्यात, आणि माझा गुडघा दिवाळीपासून सुजलेला. घरात पन्नास किलोमीटर पळू शकणारं माणूस एकच होतं.

वहिनी लग्नाआधी पोलीस भरतीसाठी पळायच्या. पळण्यात पहिल्या, उंचीत अर्ध्या सेंटिमीटरनं बाद. ती मोजपट्टी त्यांनी दोनदा पुन्हा लावायला लावली होती, असं आजही सांगतात. लग्न झालं, पॅकिंगच्या लाईनवर नोकरी लागली, पळणं सुटलं नाही. दुसरी पाळी असली की सकाळी बायपासला, पहिली असली की संध्याकाळी. ओढणी कमरेला घट्ट.

घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात घातला तरी मनगटावर फिरायचा. खाली रुमाल गुंडाळला, बांगड्या वर सारल्या.

"भाऊजी, ह्ये घड्याळ हाय का डब्याचं झाकन?"

"वहिनी, असली घड्याळं घालून लोक हिमालयात पळतात."

"मंग त्यांचे हात हिमालयायेवढे असतील."

आठ तास उभं राहून आल्यावर त्या पळाल्या, तेव्हा घड्याळानं इंग्रजीत निकाल दिला. वहिनींनी विचारलं, काय म्हनतंय? मी सांगितलं, म्हणतंय तुमचा सराव अनुत्पादक आहे, मेहनत वाया चाललीय.

"आमच्या सुपरवायझरनं बनवलंय व्हय ह्ये?" त्या म्हणाल्या, आणि दोघंही पोट धरून हसलो. तो आठवडा चांगला होता.

शर्यत रविवारची. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. शर्यतीत वेळ नोंदवणारं मशिनबिशिन नव्हतं, तीन ठिकाणी स्वयंसेवक छातीवरचे नंबर टिपत होते. मला अचूकता तपासायची होती म्हणून घड्याळ दर सेकंदाला जागा नोंदवेल असं लावून दिलं. बायकांत जी पहिली येईल तिला शंभर किलोमीटरच्या राज्यपातळीवरच्या शर्यतीत थेट प्रवेश होता. वहिनींनी मला तीनदा विचारलं होतं, "थेट म्हंजे थेट ना? पुन्हा कुनी मापं घ्यायला बसत न्हाई ना?" मी तीनदा सांगितलं, नाही.

वहिनी आल्या त्या दुसऱ्या बाईंच्या तेवीस मिनिटं आधी. कपाळावर ठसठशीत कुंकू, घामानं नाकावर उतरलेलं. कमरेच्या ओढणीत खोचलेली एक प्लास्टिकची चहाची गाळणी. फोटोवाले हसायला लागले. मी विचारलं, हे काय?

"वान."

बत्तिसाव्या किलोमीटरच्या पुढं, पाझर तलावाच्या अंगाला एक वस्ती आहे. तिथल्या बाया ताट घेऊन रस्त्याशी उभ्या होत्या. पळणारी बाई पहिल्यांदाच दिसली त्यांना. एकीनं हाक मारली, अगं सवाष्ण बाई, अशी कशी जाती तोंड फिरवून, कुंकू लावून जा. वहिनी म्हणाल्या, "आता पळत पळत न्हाई म्हनू? कपाळ पुढं केल्याबिगर कसं जायचं? आन् रस्त्यावर कुनी कुंकू लावत न्हाई. अंगनात गेले, तुळशीपाशी." हळदीकुंकू झालं, तीळगूळ हातावर आला, तांब्याभर पाणी आलं. बायांनी विचारपूस केली, कुनाची, कुठली, सासर काय म्हनतं. गाळणी दिली. वहिनी जिथून आत वळल्या होत्या तिथूनच पुन्हा वाटेला लागल्या आणि उरलेलं अंतर गाळणीसकट पळाल्या.

आमच्याकडं संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत बाईला हाक आली की ती थांबते. मला ते पटत नाही. पण मी थांबलो नसतो म्हणून बढाई मारायला माझ्या कपाळाकडं कोणी ताट घेऊन आलेलंही नाही.

आता माझी करामत. सोमवारी वहिनी पहाटे साडेपाचच्या बसनं सुप्याला गेल्या. घड्याळानं त्यांना बहात्तर तास विश्रांती सांगितली होती. मी घरी बसून नोंद उघडली आणि हरखलो. नकाशावर मुख्य वाटेपासून निघालेली एक बारीक दोरी, ऐंशी मीटर आत, एक छोटं वेटोळं, आणि तीच दोरी परत. तुळशीवृंदावनाभोवतीचं पाऊल न् पाऊल त्यात दिसत होतं. मी तो तुकडा मोठा करून परीक्षणात टाकला आणि खाली लिहिलं: बघा, आमच्या वहिनी हळदीकुंकवाला आत वळल्या, पाणी प्यायल्या, अकरा मिनिटांनी परत आल्या, यातलं काही या घड्याळातून सुटलं नाही. अचूकता: दहापैकी दहा.

मंगळवारी ते प्रसिद्ध झालं. लोकांनी हसरे चेहरे टाकले. गुरुवारी चार वाजून वीस मिनिटांनी निकाल बदलला. दुसऱ्या आलेल्या बाईंनी तक्रार केली नव्हती, हेही नोंदवून ठेवतो. त्यांनी मला फोन करून सांगितलं, असा पहिला नंबर मला नकोय.

मुख्य आयोजक शहरातले दातांचे डॉक्टर. शुक्रवारी मी दवाखान्यात गेलो. त्यांनी मला पेशंटच्या खुर्चीतच बसवलं.

"नियम म्हणजे नियम. मदतकेंद्र सोडून कोणाकडून पाण्याचा थेंब घेतला तरी बाद. हे पहिल्या पानावर आहे."

"त्यांचा वेळ गेला, सर. अकरा मिनिटं गेली. मिळालं काय? गाळणी."

"ती सुद्धा बाहेरून घेतलेली वस्तूच." ते हसत नव्हते. "आणि मला सांगा, तुम्हीच ना ते हळदीकुंकू बंद करा वाले? माझ्या मिसेसच्या हातात पत्रक दिलं होतं तुम्ही. आता त्याच्याच वकिलीला आलात?"

मी म्हणालो, मी हळदीकुंकवाची वकिली करत नाही, पळालेल्या बाईची करतोय. बोललो ते बरोबर होतं, पण बोलता बोलताच खुर्चीतून उठायला लागलो. कारण त्यांचं पुढचं वाक्य मला माहीत होतं, आणि ते आलंच: "पुरावा तुम्हीच छापलात. आम्ही काय डोळे मिटायचे?"

डोळे मिटायचे नाहीत ना? ठीक. घरी येऊन मी त्या दिवशीच्या पुरुषांच्या नोंदी बघत बसलो. पळणारे आपापल्या नोंदी फोनवरच्या ॲपमध्ये सगळ्यांना दिसतील अशा टाकतात, मिरवायला. एकविसाव्या किलोमीटरला घाटाखाली मिसळीचं एक हॉटेल आहे. तिथं एक नोंद सात मिनिटं थांबली आहे. दुसरी नऊ मिनिटं. तिसऱ्यानं तर नोंदीखाली मिसळीचा फोटो लावलाय, वर तर्रीचं कौतुक. आयोजकांच्या गटातल्या एकाची गाडी चाळिसाव्या किलोमीटरला डिकी उघडून उभी होती आणि तिच्यातली केळी आपल्या माणसांना वाटली जात होती. तिथं मदतकेंद्र नव्हतं. हे मला नोंदीतून शोधावं लागलं नाही. मी तिथं उभा होतो. एक केळं मीही खाल्लं. तेव्हा ते मला नियमाविरुद्ध वाटलं नाही, मोठ्या मनाचं वाटलं.

ती सगळी नावं निकालात आहेत. जागच्या जागी.

संध्याकाळी वहिनींना हे सांगायला गेलो. वाटलं, खूश होतील, आता दाखवतो म्हणतील. त्या भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून घेतलं. भाकरी उलटली.

"भाऊजी, येक इचारू? तुमी ते लिवलंच कशाला?"

मी म्हणालो, घड्याळ किती अचूक आहे ते दाखवायला.

"घड्याळाचं चांगलं झालं मंग."

त्यांनी चहा टाकला, तीच गाळणी धरून गाळला, कप माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "मिसळवाल्यांना काढा असं मला म्हनायचं न्हाई. भूक लागली, खाल्ली. पर माझं नाव जिथं हुतं तिथं परत पायजे. पोलिसात अर्ध्या सेंटिमीटरनं ऱ्हायले, पट्टी फिरून लावली आन् गप घरी आले. आता बोलनार. लिवलंय ना तुमी? आता अजून लिवा."

मी वेबसाइटला सांगितलं, ते परीक्षण काढा. ते म्हणाले, सध्या सगळ्यात जास्त तेच वाचलं जातंय. घड्याळाच्या कंपनीतून एका मॅडमचा फोन आला, अंगणातल्या वेटोळ्याचा तो नकाशा जाहिरातीत वापरू का, फार ऑथेंटिक आहे. मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. घड्याळ खोक्यात घालून परत पाठवलं. पट्ट्याखालचा रुमाल तेवढा काढून घेतला, तो वहिनींचा होता.

तर परीक्षण पुन्हा लिहितो. घड्याळ मजबूत आहे, बॅटरी टिकते, अंतर चोख मोजतं. ते कोणाच्या हातावर आहे आणि त्याची नोंद कोण उघडून बघणार आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. ज्यांची कोणी उघडत नाही ते सुखी आहेत. बायकांच्या मनगटाला बसत नाही. दहापैकी किती, ते आता मी देणार नाही.

शंभर किलोमीटरच्या शर्यतीची यादी महिनाअखेर बंद होते. आयोजकांना मी तीन पत्रं दिली, उत्तर नाही. एकट्या पत्रकवाल्याला उत्तर देत नाहीत, हे मला सवयीचं आहे. म्हणून आता तुमच्याकडं वळतो.

तुम्ही त्या रविवारी धावला असाल तर आत्ता, हे वाचून होताच, स्वतःची नोंद उघडा. जिथं मिसळ खाल्ली, जिथं डिकीतलं केळं घेतलं, जिथं कोण्या वस्तीवरच्या म्हाताऱ्यानं दिलेलं पाणी प्यायलात, ती जागा शोधा. तिचा फोटो काढा आणि स्वतःच्या नावानिशी आयोजकांना पाठवा. खाली लिहा: मीही थांबलो होतो. मला बाद करा, नाहीतर त्यांचं नाव परत लावा. महिनाअखेरीच्या आत पाठवा. धावला नसाल तर धावलेल्या एकाला तरी ओळखत असालच. त्याच्यासमोर बसा आणि त्यानं पाठवेपर्यंत उठू नका.