करडं छापणाऱ्या काकू

"काळं काय, कुणीही छापतं. करडं छापून दाखव!" असं म्हणून काकू चष्मा कपाळावर सरकवत. समोर फोटोग्राफर असो नाहीतर दूधवाला.

परळच्या एका इस्पितळात त्यांनी सगळी नोकरी एक्सरे काढण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात. काकूंनी फोटो छापायचा प्रिंटर आणला. लालबागच्या आमच्या चाळीत तो थेट देव्हाऱ्याशेजारी बसला. तुमच्याही ओळखीत असतील अशा कुणीतरी.

माझी आई गेली तेव्हा तिचा एकच धड फोटो होता, मीच काढलेला. पांढरे केस, मागे पांढरी भिंत. दुकानातून कृष्णधवल छापून आणला, तर केस भिंतीत विरघळलेले आणि सावल्या हिरवट.

"हिला शेवाळ कुणी लावलं रे?" काकू म्हणाल्या आणि कामालाच लागल्या.

आधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस चौकोनांची पट्टी छापली. मी उचलायला गेलो, तर हातावर चापट. "वाळू दे. ओली शाई खोटं बोलते."

दुसऱ्या दिवशी गॅलरीच्या उजेडात त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. "हे दोन चौकोन सारखेच दिसतायत. तुझ्या आईचे केस इथे हरवले." मग कॉम्प्युटरवर तेवढ्याच छटेची शाई किंचित वाढवायची, नवी पट्टी छापायची, पुन्हा वाळवायची.

पट्ट्या कपड्यांच्या दोरीवर लटकू लागल्या. शेजारचे अण्णा एकदा गंभीरपणे म्हणाले, "यातला सातवा बरा वाटतो. भिंतीला किती डबे लागतील?" काकूंनी खरंच तो चौकोन कापून दिला. अण्णांनी खोली त्याच रंगाची केली.

नववी पट्टी बघून काकूंनी मान डोलावली. सरळ फोटो छापला आणि वाळल्यावर माझ्या हातात दिला. आईच्या कपाळावर कायम सुटणारी ती एक बट भिंतीपासून वेगळी दिसत होती.

"बघत बस. चहा टाकते," म्हणून काकू आत गेल्या, त्या अर्धा तास आल्याच नाहीत.

पुढे चाळ पाडायची ठरली आणि काकू मुलीकडे पुण्याला निघाल्या. सामान टेम्पोत गेलं, पण प्रिंटर त्यांनी टॅक्सीत मागच्या सीटवर बसवला, त्याला पट्टा बांधला आणि उरलेल्या जागेत स्वतः अंग चोरून बसल्या. टॅक्सी सुरू झाली तशी काच खाली करून ओरडल्या,

"आईला ऊन लागू देऊ नकोस रे!"