चादरीआडचा ढोल

आमच्या श्रोते मंडळात मी एकटीच बाई. बाकी सगळे पुरुष, आणि सगळे स्वतःला कानसेन समजणारे. दर रविवारी सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही जमायचो. डॉक्टर दातांचे, पण त्यांच्या खोलीतले स्पीकर असे होते की रत्नागिरीच्या थिएटरनेही लाजावं. आम्हाला सिनेमातल्या गाण्यांशी कर्तव्य नव्हतं. गाण्यांच्या अधेमधे जे वाजतं आणि पडद्याकडे बघताना कुणाच्या ध्यानातही येत नाही, त्या पार्श्वसंगीताचे आम्ही वेडे. पोस्टाच्या काउंटरवर आठवडाभर लोकांची कटकट ऐकून माझे कान किटायचे, ते रविवारी धुऊन निघायचे. घरचे म्हणायचे, हिला वेड लागलंय. लागलंच होतं.

मंडळ दरवर्षी एक पुरस्कार द्यायचं, सर्वोत्कृष्ट मूळ पार्श्वसंगीताचा. फणसाच्या लाकडात कोरलेली चौकट, शाल आणि नारळ. आमच्या पुरस्काराला मुंबईत कोण विचारतो, पण वाद मात्र असे घालायचो की जणू जगाचा निकाल आमच्या हातात आहे. कुणी म्हणायचा व्हायोलिनं फार झाली, कुणी म्हणायचा ही सुरावट उचललेली आहे, 'मूळ' म्हणायचं तरी कशाला? चहाचे कप गार व्हायचे.

निवडीची पद्धत आमचे अध्यक्ष, म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले सर, यांनी घालून दिली होती. टीव्हीवर चादर टाकायची आणि सिनेमा फक्त ऐकायचा. डोळे माणसाला फितवतात, असं सरांचं म्हणणं. ऐकताना बोलायचं नाही. गुण देऊन झाले की मगच चादर काढायची, आणि एकदा चादर निघाली की दिलेले गुण बदलायचे नाहीत. मला ही पद्धत मनापासून आवडायची. कसलं सुंदर खूळ होतं ते!

तर त्या रविवारी कोकणात घडणारा एक मराठी सिनेमा लावला होता. मध्यंतराच्या आसपास ढोल सुरू झाला आणि मी सरळ होऊन बसले. शिमग्याचा ढोल होता. पालखी नाचवताना गावोगाव वाजतो, पण प्रत्येक गावाचा हात निराळा. या ढोलात वाजता वाजता एक ठोका गाळला जात होता. मग श्वासभर काहीच नाही, आणि मग दणकून ठोका. तो माझ्या दादाचा हात होता.

ही गाळलेली जागा दादाने स्वतः घातलेली. पावसच्या बाजूला आमचं गाव, आणि गावात देवळाकडे चढणारी जांभ्याची पाखाडी, पायऱ्यापायऱ्यांची, अंगावर येणारी. एका शिमग्यात खांदेकरी ठेक्याच्या भरात खांदा बदलायला गेले, एकाचा पाय सटकला आणि पालखी कलंडता कलंडता राहिली. पुढच्या वर्षी दादाने ढोलात तेवढी उसंत ठेवली. तो थांबला की खांदा बदलायचा, ठोका पडला की पायरी चढायची. म्हातारे मानकरी आधी कुरकुरले, वाडवडिलांचा ठेका मोडतोस म्हणाले. मग त्यांच्याही पायांना ती सवय लागली. सिनेमावाले गावात आले तेव्हा देवाची पालखी काही त्यांना मिळाली नाही, त्यांनी प्लायवूडची केली. दादाने तिच्यासाठीही तीच जागा सोडली. संगीतकार स्वतः हजर होता. त्याने दादाला सांगून पाहिलं की थांबू नका, सलग वाजवा. दादा म्हणाला, मला तसं येत नाही. हे सगळं दादाने मला तेव्हाच फोनवर हसत हसत सांगितलं होतं. सिनेमाच्या शेवटी तुमचं नाव येईल, असंही त्याला सांगितलेलं, ते काही आलं नाही.

त्यानंतर वर्षाच्या आत दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. ढोल आता दुसरे वाजवतात, आणि बरे वाजवतात, पण ते जुनंच वाजवतात. दादाचं वाजवणं कुठे राहिलं म्हणाल, तर त्या सिनेमात. मोबाइलवर लोकांनी काढलेलं असतं त्यात ढोल कमी आणि बोंबा जास्त. म्हणून मला त्याचं नाव हवं होतं. एकदा, चारचौघांत, ज्याने त्याचा हात वापरला त्याच्याच तोंडून. मी इथेही ते लिहीत नाही. ज्यांनी घ्यायचं त्यांनी आधी घ्यावं. मी लिहून त्यांची सुटका का करू?

सिनेमा संपला, गुण दिले गेले. डॉक्टर तर हरखूनच गेले होते. त्या थांबण्याने त्यांचा जीव घेतला म्हणे. सर म्हणाले, एवढं धाडस मराठीत आजवर कुणी केलं नव्हतं, या एका जागेसाठी पुरस्कार द्यावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मी म्हटलं की हा संगीतकार नव्हे, माझा भाऊ वाजवतोय. ते हसले. ढोल काय, सगळे सारखेच वाजतात म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले, चादर ओढून काढली, रिमोट घेतला आणि मागे नेऊन तोच प्रसंग लावला. पाखाडी, पालखी, आणि ढोल गळ्यात अडकवलेला माझा दादा. संगीतकाराला सुचलेलं संगीत म्हणून यांनी ज्याला डोक्यावर घेतलं, ते पडद्यावर गावचे लोक उभ्या उभ्या वाजवत होते. चादरीमुळे यांना ते कळलंच नव्हतं.

मला वाटलं, आता चूक मान्य करतील. कसलं काय! सरांनी चष्मा पुसला आणि समजावणीच्या सुरात सुरू झाले. म्हणे हा लोकतालाचा प्रकार झाला, आणि लोकसंगीत कुणा एकाचं नसतं. शिवाय ढोल म्हणजे नुसता ठेका, ती काही रचना नव्हे. अहो, घटकेपूर्वी ते धाडस होतं ना? संगीतकाराचं असेपर्यंत धाडस, आणि माझ्या भावाचं निघाल्यावर नुसता ठेका! मी तेच विचारलं, आणि बऱ्यापैकी मोठ्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, ताई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. मग सरांनी नियम काढला. चादर निघाली की गुण बदलायचे नाहीत. आणि मी ती परवानगीशिवाय काढली म्हणून माझे गुण बाद. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. निदान पुरस्कार देतानाच्या निवेदनात दादाचं नाव घ्या, असं मी म्हटलं, तर पाहुण्या संगीतकाराला अवघडल्यासारखं होईल म्हणे. मी जिना उतरले त्या क्षणी मंडळाशी माझा संबंध संपला.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे गो, ढोल वाजला ना! त्याचं हे 'जाऊ दे' मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि दर वेळी मला त्याचाही राग येतो. समारंभाच्या संध्याकाळी मी गावाहून रिक्षाने त्याला घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसवलं. सरांनी आम्हाला पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

संगीतकार चांगला बोलला. गोडच बोलतो मेला. त्या ढोलातल्या शांततेबद्दल बोलला, स्टुडिओत एकटा बसलो असताना ती शांतता मला सापडली म्हणाला. माझ्या शेजारी दादा कान देऊन ऐकत होता. मी उभी राहिले.

"ती जागा माझ्या भावाची आहे. तो इथे बसलाय. त्याचं नाव घ्या."

सभागृहात कुजबुज झाली. पण तो माणूस बिलंदर. त्याने हात जोडले, व्यासपीठावरून खाली उतरला, स्वतःच्या अंगावरची शाल दादाच्या खांद्यावर घातली आणि माइकवर म्हणाला, ही माती हाच माझा गुरू. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा भाऊ माती? पण मी काय ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही. चौकट घेऊन तो परत वर गेला, आणि सरांनी मध्यंतरानंतर वाद्यवृंद होणार असल्याचं जाहीर केलं. मध्यंतरातच आम्ही निघालो, तर बाहेर डॉक्टर भेटले आणि म्हणाले, झालं ना ताई मनासारखं? मी उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर त्यांनाच दातांच्या डॉक्टरकडे जावं लागलं असतं.

परतताना भाट्याचा पूल लागेपर्यंत दादा खुशीत होता. डाव्या हाताने शाल चाचपत होता. मग त्याने मला विचारलं,

"माझा नाव घेतलान काय गो त्याने? टाळ्यांत मला काय ऐकू आला नाय."

हो म्हणणं किती सोपं होतं. तो सुखाने झोपला असता.

"नाही घेतलं," मी म्हटलं.

शाल चाचपणारा त्याचा हात थांबला. आता 'जाऊ दे' म्हणेल, म्हणून मी दात आवळून वाट बघत होते. पुलाच्या मध्यावर तो पुढे वाकला आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर डावा हात ठेवला.

"फिरव रिक्षा," तो म्हणाला.